हेस्टॅक रॉकचा लाव्हा कुठून आला?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन राज्यातील कॅनन बीच या लहानशा गावासमोर, वाळूतून सरळ वर उठलेला एक प्रचंड काळा खडक आहे. त्याची उंची सुमारे ७२ मीटर, म्हणजे २३५ फूट आहे. त्याला हेस्टॅक रॉक म्हणतात. भरतीला त्याचा पायथा पाण्यात असतो आणि चांगली ओहोटी असली की वाळूवरून चालत थेट त्याच्यापाशी जाता येते. पोर्टलंडपासून हे ठिकाण सुमारे १३० किलोमीटरवर, गाडीने साधारण दीड तासाच्या अंतरावर आहे. त्यामुळे पोर्टलंड आणि हिल्सबरो परिसरात नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी घरी पाहुणे आले की त्यांना इथे घेऊन येतात. खडक पाहिला, फोटो काढले, वाऱ्याने गारठून गाडीत बसले, अशी ही सहल अनेकदा होते. या खडकाची घडण समजून घेतली आणि ओहोटीची वेळ साधली, तर त्याच जागी पाहण्यासारखे कितीतरी अधिक आहे.

हा खडक ज्वालामुखीजन्य आहे, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यावरून असा समज होतो की पूर्वी इथे समुद्रात एखादा ज्वालामुखी असावा आणि त्याचा उरलेला गाभा म्हणजे हा खडक. दिसायला तो तसा दिसतोही. कित्येक वर्षे भूशास्त्रज्ञांचेही साधारण तेच मत होते. आज मात्र बहुतेक अभ्यासक मानतात की हेस्टॅक रॉकच्या खाली ज्वालामुखी कधीच नव्हता. ज्या लाव्हापासून तो घडला तो पूर्वेला सुमारे ५०० किलोमीटरवर, ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो ही राज्ये जिथे एकमेकांना भिडतात त्या भागात जमिनीबाहेर पडला, नदीच्या खोऱ्यातून वाहत समुद्रापर्यंत आला आणि समुद्रतळाच्या मऊ गाळात शिरून थिजला. हे ऐकल्यावर मनात पहिली शंका येते की लाव्हा इतका लांब वाहू शकतो का. वाटेत तो गार होऊन थांबत कसा नाही?

ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकाशी असलेले मुख आपल्या डोळ्यांसमोर येते. पृथ्वीच्या इतिहासातले सर्वांत मोठे लाव्हाप्रवाह मात्र अशा डोंगरांतून आलेले नाहीत. जमिनीला कित्येक किलोमीटर लांबीच्या भेगा पडतात आणि त्यांतून अतिशय पातळ असा बेसाल्टचा शिलारस बाहेर येतो. तो फार स्फोट न करता चहूकडे पसरतो, थिजतो, त्यावर काही काळाने दुसरा प्रवाह येतो आणि थरावर थर चढून जुन्या टेकड्या व दऱ्या गाडल्या जातात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण आपण याच प्रकारच्या खडकावर राहतो. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेले आडवे थर दिसतात ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या अशाच प्रवाहांचे आहेत, आणि धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून लांबवर जाणाऱ्या काळ्या दगडाच्या नैसर्गिक भिंती म्हणजे जमिनीला पडलेल्या भेगांमध्येच थिजून राहिलेला शिलारस आहे.

ऑरेगनकडचा प्रकार दख्खनपेक्षा बराच अलीकडचा आणि आकाराने लहान आहे. कोलंबिया नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बेसाल्टचे उद्रेक सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी सुरू झाले आणि ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत अधूनमधून होत राहिले. पण त्यातला बहुतांश लाव्हा सुरुवातीच्या दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळातच बाहेर पडला. त्याने व्यापलेले क्षेत्र सुमारे २ लाख १० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण दोनतृतीयांश. तीनशेहून अधिक प्रवाह मोजले गेले आहेत. त्यांतल्या मोठ्या प्रवाहांपैकी एकेकात १,००० घन किलोमीटरपेक्षा जास्त लाव्हा होता. हा आकडा किती मोठा आहे हे कळण्यासाठी आइसलँडमधील लाकी येथील १७८३ चा उद्रेक आठवावा. माणसाने पाहून नोंदवलेल्या लाव्हाप्रवाहांत तो फार मोठा मानला जातो, आणि त्यात सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला होता. इतका शिलारस एकाएकी का आला, याचे उत्तर अनेक भूशास्त्रज्ञ अमेरिकेतील यलोस्टोन या ज्वालामुखी क्षेत्राच्या खाली, पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या तप्त प्रवाहात शोधतात. हा तप्त प्रवाह त्या काळी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेकडच्या भूभागाखाली होता.

लांब वाहण्याचे रहस्य लाव्हाच्या सायीत आहे. बेसाल्टचा लाव्हा साधारण १,१०० अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. तो पसरला की हवेच्या संपर्काने त्याचा वरचा थर लगेच कडक होतो, पण दगड हा उष्णतेचा अतिशय वाईट वाहक असल्याने आतला लाव्हा कढत दुधावर साय धरावी तसा झाकला जातो आणि आतल्या आत वाहत राहतो. मागून नवा लाव्हा येतच असतो. तो या कवचाखालून पुढे सरकतो, कवच फुगवतो, पुढचे टोक फोडून बाहेर येतो, तिथे पुन्हा कवच धरते. काही मीटर जाडीचा प्रवाह फुगत फुगत कित्येक पट जाड होतो आणि उगमापासून शेकडो किलोमीटर गेला तरी त्याचे तापमान फारच थोडे उतरलेले असते. म्हणून लाव्हा किती दूर जाईल हे तो किती वेगाने धावतो यावर फारसे अवलंबून नसते. मागून पुरवठा किती काळ टिकतो आणि पुढे उताराची वाट मिळते का, या दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. ऑरेगनमध्ये दोन्ही होत्या. आज हिमशिखरे मिरवणारी कॅस्केड पर्वतरांग त्या काळी इतकी उंच नव्हती, आणि तिला छेदून समुद्राकडे जाणारे प्राचीन कोलंबिया नदीचे रुंद खोरे लाव्हाला आयतेच मिळाले. ते भरून गेल्यावर नदीलाच आपला मार्ग बदलावा लागला.

हे सगळे सिद्ध कसे झाले, हा मला या विषयातला सर्वांत समाधान देणारा भाग वाटतो. किनाऱ्यावरचे बेसाल्ट आणि या प्रवाहांनी पूर्वेकडे घडवलेल्या पठारावरचे बेसाल्ट एकाच वयाचे व जवळजवळ एकाच घडणीचे आहेत, हे जुन्या अभ्यासकांच्याही लक्षात आले होते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पार्क स्नेव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की एकाच प्रकारचा शिलारस दोन वेगवेगळ्या ठिकाणी, पठारावर आणि किनाऱ्यावर, वर आला असावा. तो तर्क सरळ होता, कारण किनाऱ्यावरचा बेसाल्ट गाळाच्या थरांना छेदत आत घुसलेला दिसतो, आणि असे घुसणे खालून वर येणाऱ्या शिलारसाचे लक्षण समजले जाते. १९७९ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील मार्विन बीसन आणि सहकाऱ्यांनी वेगळी शक्यता मांडली: हा बेसाल्ट खालून वर न येता वरून खाली घुसला असावा.

त्यासाठी त्यांनी प्रत्येक प्रवाहाच्या रासायनिक ओळखीचा आधार घेतला. टायटॅनियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि इतर मूलद्रव्यांचे प्रमाण एका उद्रेकात आणि पुढच्या उद्रेकात थोडे थोडे वेगळे असते. दुसरी ओळख चुंबकत्वाची आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने रोखले जातात, आणि पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल वारंवार झालेली असल्याने कोणता प्रवाह कोणत्या कालखंडातला हे त्यावरून पडताळता येते. या दोन्ही कसोट्यांवर किनाऱ्यावरचे खडक पठारावरच्या ठरावीक प्रवाहांशी एकास एक जुळत गेले. दोन दूरच्या ठिकाणी एकच उद्रेक, तोच क्रम, तेच बारीक फरक, हे योगायोगाने घडणे अशक्यप्राय आहे. किनाऱ्यावरच्या बेसाल्टला खोलवर जाणारी मुळे नाहीत, असे गुरुत्वाकर्षणाच्या आणि चुंबकीय मोजमापांवरूनही पुढे दिसून आले.

आपल्याकडे याचे जुळे उदाहरण आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ, नदीच्या दोन्ही बाजूंना, बेसाल्टचे थोडेसे उघडे पडलेले थर आहेत. दख्खनच्या मुख्य बेसाल्टपासून ते कितीतरी दूर, बंगालच्या उपसागराच्या काठावर आहेत आणि त्यांच्या मधल्या थरात उथळ सागरी पाण्यातले जीवाश्म सापडतात. हे स्थानिक ज्वालामुखीचे काम, की पश्चिमेकडून वाहत आलेला लाव्हा, असा वाद तिथेही झाला. रासायनिक घडण, वय आणि चुंबकीय दिशा तपासल्यावर ते थर महाबळेश्वर परिसरातील वरच्या थरांशी जुळले. म्हणजे सह्याद्रीकडचा लाव्हा जुन्या नदीखोऱ्यांच्या वाटेने भारतीय द्वीपकल्प ओलांडून सुमारे १,००० किलोमीटर गेला, असे आता मानले जाते. पृथ्वीवरच्या ज्ञात लाव्हाप्रवाहांत तो बहुधा सर्वांत लांब असावा. ऑरेगनच्या किनाऱ्यावर उभे राहून ५०० किलोमीटरच्या प्रवासाचे नवल करणाऱ्या मराठी माणसाला हे माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता समुद्राशी भेट झाल्यावर काय झाले ते पाहू. त्या काळी किनारा आजच्यापेक्षा पूर्वेला होता आणि आज जिथे कॅनन बीच आहे तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूचा आणि चिखलाचा जाड, पाण्याने भिजलेला, अजून दगड न झालेला थर साठलेला होता. लाव्हा पाण्यात शिरताच त्याचा बाहेरचा भाग तडकला, त्याच्या ठिकऱ्या उडाल्या, काही ठिकाणी उशांसारखे गोल गठ्ठे तयार झाले. पोर्टलंडहून येताना वाटेत उजवीकडे सॅडल माउंटन नावाचा सुमारे १,००० मीटर उंचीचा डोंगर लागतो. तो जवळजवळ संपूर्णपणे अशा तुटलेल्या, एकमेकांत चिकटलेल्या बेसाल्टच्या तुकड्यांचा बनलेला आहे. त्याच्या माथ्यावर जाणारी पायवाट खडी आहे, पण समुद्रात शिरलेल्या लाव्हाचे इतके जवळून दर्शन क्वचितच कुठे मिळेल.

आणखी पुढे गेलेल्या लाव्हाचे मात्र वेगळेच झाले. बेसाल्टचा लाव्हा ओल्या चिखलापेक्षा बराच जड असतो. मागून ढकलणाऱ्या प्रवाहाच्या वजनाने तो मऊ गाळात खचला, वाट मिळेल तिकडे आडवातिडवा घुसला, काही ठिकाणी भिंतींसारखा, काही ठिकाणी मोठ्या गोळ्यासारखा साठला आणि गाळाच्या पांघरुणाखाली सावकाश थिजला. हेस्टॅक रॉक आणि त्याच्या शेजारी सुळक्यांसारखे उभे असलेले नीडल्स हे अशाच गाळात घुसलेल्या लाव्हाचे अवशेष आहेत. वरून आलेला लाव्हा खालच्या थरांना छेदतो तेव्हा तो हुबेहूब खालून आलेल्या शिलारसासारखा दिसतो, आणि याच कारणाने जुन्या अभ्यासकांची दिशाभूल झाली होती.

समुद्रतळाखालचा हा दगड आज आपल्या डोक्यावर ७२ मीटर उभा कसा? याचे उत्तर भूपट्टांच्या हालचालीत आहे. ऑरेगनच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाचा एक पट्ट अमेरिका खंडाच्या पट्टाखाली सरकत आहे, आणि त्या रेट्याने किनाऱ्याचा भाग लाखो वर्षांत वर उचलला गेला. बेसाल्टसह त्याच्या भोवतीचा गाळही वर आला. तोपर्यंत त्याचे वालुकाश्म आणि पंकाश्म झाले होते. मग पाऊस आणि लाटांनी आपले काम सुरू केले. मऊ थर भराभर झिजले, बेसाल्ट तग धरून राहिला. आपल्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात सागरी कडा, सागरी गुहा, सागरी कमान आणि सागरी स्तंभ असा झिजेचा क्रम शिकवला जातो. हेस्टॅक रॉक हा सागरी स्तंभ आहे, एके काळी मुख्य भूमीला जोडलेला, आणि त्याच्यावरही लाटांचे काम चालूच आहे.

उत्तरेला गावाच्या टोकाशी असलेल्या इकोला स्टेट पार्कमधून हे सगळे एका नजरेत दिसते. उंच भूशिरावरून दक्षिणेकडे पाहिले की समुद्रात विखुरलेले काळे खडक, त्यांमधली पांढरी लाटांची रेघ आणि शेवटी हेस्टॅक रॉक असा देखावा असतो. १८०६ च्या जानेवारीत, अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या मोहिमेचे एक नेते विल्यम क्लार्क यांची तुकडी किनाऱ्याला लागलेला देवमासा पाहण्यासाठी याच भूशिरावरून आली होती, आणि साकागविआ ही शोशोनी जमातीची तरुणी आग्रह धरून त्यांच्याबरोबर आली होती. उद्यानाचे नावही स्थानिक आदिवासी भाषेतील देवमाशाच्या नावावरूनच आहे. दूर समुद्रात एकटाच दिसणारा दीपस्तंभ टिलमुक रॉकचा. तोही बेसाल्टच्याच खडकावर बांधलेला आहे आणि १८८१ ते १९५७ पर्यंत चालू होता. कठीण बेसाल्ट मऊ पंकाश्मावर बसलेला असल्याने इथले उतार भरवशाचे नाहीत. १९६१ मध्ये या उद्यानात मोठी दरड सरकली होती, आणि आजही जोरदार पावसानंतर काही वाटा बंद ठेवल्या जातात. जाण्यापूर्वी उद्यान खात्याची सूचना पाहून घ्यावी.

खडकापाशी जायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचा तक्ता महत्त्वाचा. तिथे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात हे कोकणासारखेच, पण त्या दोन ओहोट्यांच्या खोलीत बराच फरक असतो. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपटीने पाण्याच्या वेळेचा अंदाज बांधण्याची रीत आहे; तिच्यावरून दोनपैकी कोणती ओहोटी जास्त खोल आहे हे कळत नाही, म्हणून तक्ता पाहिलाच पाहिजे. त्यातले आकडे फुटांत असतात. दररोजच्या दोन ओहोट्यांपैकी जी खोल, तिची दीर्घकालीन सरासरी म्हणजे शून्य. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर पाणी त्याहूनही खाली जाणार, आणि तोच दिवस निवडावा. अशा ओहोट्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत येतात. वसंत आणि उन्हाळ्यात त्या बहुधा सकाळी असतात, हिवाळ्यात संध्याकाळी किंवा रात्री; त्यामुळे एप्रिल ते ऑगस्ट या काळात पहाटे निघण्याची तयारी ठेवावी. सर्वांत कमी पाण्याच्या वेळेआधी तास-दीड तास पोहोचावे आणि पाणी वळले की परत फिरावे.

पाणी ओसरल्यावर खडकाच्या पायथ्याशी डबकी उघडी पडतात, आणि खरी संपत्ती तिथे आहे. हिरव्यागार समुद्रफुलांचा रंग त्यांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे असतो. जांभळे आणि नारिंगी समुद्रतारे खडकाला घट्ट चिकटून बसलेले दिसतात. कवच नसलेल्या, झळाळत्या रंगांच्या समुद्री गोगलगायी बोटाच्या पेराएवढ्या असतात. त्या शोधायला धीर लागतो. खडकावर वरपासून खालपर्यंत पट्टे दिसतात: सगळ्यांत वर पांढरे बारीक बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटून राहणारे कवचधारी जीव), त्यांच्याखाली काळ्या शिंपल्यांची दाट गर्दी, त्याहून खाली समुद्रतारे आणि समुद्रफुले. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतो यावर ही जागावाटणी ठरते, पण ती केवळ सहनशक्तीची गोष्ट नाही. १९६० च्या दशकात रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञांनी शेजारच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका खडकावरून हेच समुद्रतारे सातत्याने काढून टाकले. काही वर्षांत शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि इतर अनेक जातींना जागाच उरली नाही. समुद्रतारा शिंपले खातो, म्हणून इतरांना राहायला जागा मिळते. एका प्राण्यावर साऱ्या वसाहतीचा तोल अवलंबून असतो ही कल्पना जीवशास्त्रात रुजली ती या प्रयोगामुळे.

२०१३ पासून याच समुद्रताऱ्यांवर एका रोगाची मोठी साथ आली. त्यांचे हात गळून पडत आणि शरीर विरघळल्यासारखे होई. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत ते लाखोंनी मेले. अनेक हात असलेल्या सूर्यफुली समुद्रताऱ्यांमधील या रोगामागे व्हिब्रिओ वर्गातील एक जिवाणू असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. जांभळे समुद्रतारे काही ठिकाणी हळूहळू परत येत आहेत. अशा वेळी एखादा समुद्रतारा फोटोसाठी खडकावरून उपटून काढणे म्हणजे त्याचे चिकटपाय तोडणे होय, आणि ते कोणीही करू नये. खडकाच्या भोवती सुमारे ३०० यार्डांच्या परिसरात कोणताही जीव, शिंपला किंवा दगड उचलण्यास मनाईच आहे. चालताना वाळूवरून किंवा उघड्या दगडावरून चालावे. बार्नॅकलवर पाय दिला की ते चिरडतात. ओहोटीच्या वेळी दुर्बिणी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक १९८५ पासून चाललेल्या जनजागृती उपक्रमाचे असतात. त्यांना निःसंकोच विचारावे; ते आपल्या दुर्बिणीतून पक्षी दाखवतात आणि तेही विनामूल्य.

पक्ष्यांमध्ये सर्वांत मोलाचा पाहुणा म्हणजे तुरेवाला पफिन. काळे शरीर, पांढरा चेहरा, जाड नारिंगी चोच आणि डोक्यामागे पिवळे तुरे, असा हा पक्षी वर्षाचा बराच काळ खुल्या समुद्रात काढतो आणि एप्रिलच्या सुमारास अंडी घालण्यासाठी या खडकावर येतो. ऑगस्टअखेर तो परत जातो. खडकाच्या उत्तरेकडच्या उतारावर माती आणि गवताचा थर आहे, त्यात तो बिळे खणून घरटे करतो. जमिनीवर उभे राहून पफिन पाहता येण्यासारख्या जागा फार थोड्या आहेत आणि ऑरेगनमध्ये त्यांची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली आहे. खडकावर चढण्यास सक्त मनाई असण्याचे हेच मुख्य कारण आहे: वरची माती पातळ आणि पोकळ आहे, तिच्यावर एक पाऊल पडले तर आतले बीळ पिल्लासह कोसळते. हा खडक ऑरेगनच्या किनारी बेटांच्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाचा भाग आहे आणि बार्नॅकलच्या पट्ट्याच्या वर चढणे बेकायदेशीर आहे. नियम माणसांसाठी आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये एक प्यूमा (मांजराच्या कुळातला मोठा शिकारी प्राणी) रात्री पक्ष्यांच्या शोधात खडकावर चढला होता, आणि तो निघून जाईपर्यंत खडकाजवळचा किनारा लोकांसाठी बंद ठेवावा लागला.

धोक्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. इथले पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते, साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस, त्यामुळे जुहू किंवा गणपतीपुळ्याप्रमाणे पाण्यात खेळायला उतरण्याचा विचार करू नये. काही लाटा इतरांपेक्षा अचानक खूप पुढे येतात आणि वाळूवर पडलेले ओंडके उचलून माणसावर आणतात. म्हणून समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, मुलांना ओंडक्यांवर बसवू नये. भूकंपाचा धोकाही खरा आहे. ज्या रेट्याने हा किनारा वर आला, तोच रेटा साठत जाऊन २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची सुनामी जपानपर्यंत पोहोचली. त्या दिवसाची तारीख जपानमधल्या नोंदींवरूनच कळली. तसा भूकंप पुन्हा होणार हे निश्चित आहे, कधी होणार हे सांगता येत नाही. किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हादरली तर भोंग्याची वाट न पाहता, गाडीचा नाद सोडून, निळ्या फलकांवरील बाणांच्या दिशेने पायी उंच जागी जावे. गावात पोहोचताच ते फलक एकदा पाहून ठेवण्याला दोन मिनिटे पुरतात.

खडकापर्यंत जाण्यासाठी कुठेही तिकीट लागत नाही, आणि त्यामागेही एक इतिहास आहे. १९१३ मध्ये राज्यपाल ऑस्वल्ड वेस्ट यांच्या पुढाकाराने ऑरेगनच्या किनाऱ्यावरची ओली वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर झाली. कोरड्या वाळूचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९६६ मध्ये याच कॅनन बीचवर एका मॉटेलने आपल्यासमोरची कोरडी वाळू कुंपण घालून केवळ आपल्या ग्राहकांसाठी राखून ठेवली, लोकांत असंतोष पसरला, आणि राज्यपाल टॉम मॅकॉल यांच्या काळात १९६७ मध्ये कायदा झाला: झाडोऱ्याची रेषा सुरू होते तिथपर्यंतचा सगळा किनारा लोकांना वापरण्यासाठी खुला राहील. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये न्यायालयाने लोकांचा हक्क मान्य केला. त्याचा आधार होता रूढी: आदिवासी काळापासून लोक ही वाळू अखंडपणे वापरत आले आहेत, म्हणून तो हक्क एखाद्या मालकाला हिरावून घेता येणार नाही. त्यामुळे आजही गावातल्या कोणत्याही वाटेने वाळूवर उतरावे आणि चालत खडकापाशी जावे. दक्षिणेकडच्या टोलोव्हाना येथील सार्वजनिक वाहनतळावर जागा मिळण्याची शक्यता गावापेक्षा अधिक असते, आणि इकोला उद्यानात गाडी नेण्यासाठी तेवढे दिवसाचे शुल्क भरावे लागते.